हजेरीच्या यंत्राचे घड्याळ कोण लावते?

मा. संपादक,

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या बऱ्याच फौंड्री (धातूच्या ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉपमध्ये ग्राहकाची ड्रॉइंग बाहेर जाऊ नयेत म्हणून आतले नेटवर्क मुद्दाम इंटरनेटपासून तोडलेले असते. ते योग्यच आहे. पण मग मोबाइलसारखी वेळ आपोआप जुळत नाही, याकडे फारसे कुणी पाहत नाही.

अशा यंत्रणांची देखभाल हे माझे काम. एका कारखान्यात बोट लावून हजेरी घेणारे यंत्र गेटवरच्या कॅमेऱ्याच्या नऊ मिनिटे पुढे होते. पहिल्या पाळीला वेळेत आलेल्या मोल्डरला, म्हणजे साचे बनवणाऱ्या कामगाराला, यंत्राने उशिरा धरले आणि त्याचा अर्धा दिवस कापला. कॅमेऱ्याचे चित्रण दाखवा, असे तो म्हणाला. दाखवले, तर त्यावर वेगळी वेळ आणि भट्टीच्या नोंदीत तिसरीच. खरे कुठले, हे ठरेना. त्याचे पैसे गेले ते गेलेच.

यंत्रात बिघाड नव्हता. साध्या क्वार्ट्झ घड्याळात दहा लाखांत वीस भागांची चूक चालते. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, वर्षाला दहा मिनिटे! भट्टीजवळच्या उष्णतेत फरक आणखी वाढतो.

नेटवर्कवर वेळ वाटणारा एनटीपी हा प्रोटोकॉल (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) 1985 पासून आहे आणि त्याला इंटरनेट लागतेच असे नाही. ऑफिसातला एक लिनक्स सर्व्हर वेळेसाठी नेमावा. त्यावर क्रोनी हा मोफत प्रोग्राम टाकून त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘लोकल स्ट्रॅटम 10’ ही ओळ आणि आतल्या यंत्रांना परवानगी देणारी ‘अलाउ’ची ओळ लिहिली की तो बाहेरच्या आधाराशिवायही वेळ देतो. मग डीव्हीआर (कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारे यंत्र), हजेरी यंत्र, संगणक या सर्वांच्या एनटीपी सेटिंगमध्ये त्याच सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) भरावा, आतल्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेत, एनटीपी वापरते तो यूडीपी 123 पोर्ट मोकळा ठेवावा. टाइम झोन +5:30 आहे ना, तेही बघावे. काही डीव्हीआर +8:00 वर लावूनच येतात. छपरावर जीपीएस रिसीव्हर बसवून तो सर्व्हरला जोडला तर उत्तमच, कारण उपग्रहाकडून वेळ नुसती येते, आतले बाहेर काही जात नाही. तो नसेल तर महिन्याला सर्व्हरची वेळ मोबाइलवरून जुळवून वहीत सही करावी. थोडी चूक राहील, पण सगळीकडे सारखीच राहील.

उद्योजक संघटनांना कळकळीची विनंती आहे, की जिथे घड्याळे जुळवल्याची अशी नोंद नाही, तिथे दहा-पंधरा मिनिटांच्या उशिरासाठी कुणाचा पगार कापू नये.

— एक देखभाल तंत्रज्ञ, अनगोळ, बेळगाव