कोट गळत नाही, चुकीचा धुतला जातो

महोदय,

पावसाळ्यात 'जॅकेट गळते' म्हणून अनेक दुचाकीस्वार दर एक-दोन वर्षांनी नवे घेतात, हे पाहून वाईट वाटते. कारण बरेचदा दोष कापडाचा नसून धुण्याच्या पद्धतीचा असतो. गोअर-टेक्ससारख्या, म्हणजे पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाच्या, जॅकेटवरून पाण्याचे थेंब अळवाच्या पानावरून ओघळावेत तसे ओघळतात, ते बाहेरच्या कापडावरील जलरोधक लेपामुळे. साबणाची पावडर कापडात उरली किंवा फॅब्रिक सॉफ्टनर वापरले, तर हा लेप निष्प्रभ होतो आणि कापड पाणी पिऊ लागते. म्हणून आतले पॅड काढून, चेन लावून, सौम्य द्रवरूप डिटर्जंटने ४० अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यात धुवावे, दोनदा खळबळावे, पिळू नये. लेबलवर परवानगी असल्यास सुकल्यावर वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवावी. त्या उबेने लेप पुन्हा काम करू लागतो. साध्या पीव्हीसी रेनकोटला मात्र इस्त्री कदापि लावू नये, तो ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावा.

गेल्या वर्षी माझा ओला कोट आठवडाभर डिकीत राहिला, तेव्हा शिवणीवरची आतली पट्टी सुटून बोटभर लोंबत होती. उत्पादकांनी धुण्याच्या सूचना ठळक अक्षरांत मराठीतही छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक दुचाकीस्वार, सातारा