आहेराच्या पाकिटात फॉलिकची गोळी

संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्याच्या आरोग्य पुरवणीत गरोदरपणातल्या जीवनसत्त्वांवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे. सोबतचा फोटोही छान आहे, डाळिंब, बदाम आणि पोटावर हात ठेवून हसणारी बाई. पण लेख सुरू होतो तिसऱ्या महिन्याला आणि संपतो बाळंतपणाच्या दिवशी. माझं भांडण तेवढ्यावरच आहे. फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या गोळीची पहिली गरज तिसऱ्या महिन्याच्या कितीतरी आधी लागते, आणि बाळ झालं म्हणून ती संपत नाही.

मी पाटण तालुक्यात १९८३ पासून २०२० पर्यंत आरोग्यसेविका होते. कागदोपत्री एएनएम, वाड्यांवर ‘शिष्टर’, आणि म्हाताऱ्या माणसांना ‘नरसबाई’.

१९९१ च्या पावसाळ्यात एका वाडीवरून मध्यरात्री बोलावणं आलं. ओढा भरलेला, पुढे कंदील घेऊन तिचा दीर. पोचले तेव्हा पहिलटकरीण मोकळी झालेली होती आणि सुईण भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाळाला कपाळ होतं, कपाळाच्या वर काही नव्हतं. ते दोन-चार मिनिटं जगलं. सासूनं मला समजावलं, ग्रहणात विळीवर बसली होती, किती सांगितलं तरी ऐकली नाही. मी काही बोलले नाही, कारण मलाही कारण माहीत नव्हतं. प्रशिक्षणाच्या पुस्तकात या व्यंगाचं नाव होतं, कशानं होतं ते नव्हतं. दोन वर्षांनी त्याच बाईला मुलगा झाला, त्याच्या पाठीवर कण्याशी पाण्यानं भरलेली पिशवी. तो आठ दिवस होता. त्या मधल्या दोन वर्षांत मी त्या घरी किमान वीस वेळा गेले असेन. ताप, हगवण, पाळणा लांबवायचं समजावणं, सगळं केलं. तिच्या हातावर एक गोळी ठेवली नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं, की त्याच १९९१ च्या जुलै महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची चाचणी छापून आली होती. आधी असं मूल झालेल्या बायकांना दिवस जाण्याच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं मूल होणं ७२ टक्क्यांनी कमी झालं. मी त्या हॉलमध्ये बोटांवर हिशेब करत बसले. आमच्या वाडीवर दुसरं बाळ १९९३ साली झालं.

ज्यांना आधी असं मूल झालेलं नाही, त्यांना एवढा मोठा डोस लागत नाही. रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, दिवस जाण्याआधी किमान महिनाभर आणि नंतर पहिले तीन महिने. अडचण वेळेची आहे. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते, ती उघडी राहिली तर असं व्यंग होतं. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात, तोवर काम झालेलं असतं. आमच्याकडे दोन आठवडे उशीर म्हणजे ‘दगदग झाली असंल’. मग महिनाभर वाट बघायची, मग सासूच्या कानावर घालायचं, मग आशाताईला. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी झाली की आम्ही खूश, मीटिंगमध्ये शाबासकी. त्या नोंदणीच्या दिवशी मी जी फॉलिकची गोळी द्यायचे, ती रक्तासाठी कामाची होती. कण्यासाठी सहा आठवडे उशिरा पोचलेली असायची. लग्न लागून गेल्यावर अक्षता वाटाव्यात तसं.

या गोळीची कहाणी खरं तर आपल्या मुंबईतूनच सुरू होते. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ साली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. गिरणीकामगार गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडून दगावत होत्या, त्याचं कारण त्या शोधत होत्या. त्यांनी बायकांचं खाणं तपासलं, त्यात भाजी-फळ जवळपास नव्हतं. मार्माइट म्हणून यीस्टचा एक स्वस्त काळा अर्क मिळतो, तो खायला दिला आणि रक्त भरून आलं. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात काय आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९४१ मध्ये पालकाच्या पाल्यातून ते वेगळं काढलं गेलं आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक म्हणू लागले. माझे आजोबा परळलाच गिरणीत होते. त्यांच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर ज्याचा माग लागला, ते त्यांच्या नातीला नर्स होऊनही वेळेवर माहीत नव्हतं. (‘पालेभाजी खातो की आम्ही, मग गोळी कशाला?’ असं विचारणाऱ्यांसाठी: पालेभाजी खाच. पण चिरून, धुऊन, रटरटा शिजवून ताटात येईपर्यंत त्यातलं बरंचसं फॉलिक निघून गेलेलं असतं.)

आता लाल गोळीकडे येते, म्हणजे आपल्या सरकारी रक्तवाढीच्या गोळीकडे. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८०. पूर्वी शंभर होत्या. एकदा वळवाच्या आधी एका घरी गेले, तर गडी कौलं चाळायला चढला होता. त्यानं आढ्याजवळचं कौल सरकवलं आणि वरून लाल गोळ्यांच्या पट्ट्या अंगणात पडल्या. नऊ मोजल्या, एकही फोडलेली नाही. घरची सून आत पळाली. माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात ‘दिल्या’ लिहिलेलं होतं. सरकारी वहीत ‘दिल्या’ला रकाना असतो, ‘खाल्ल्या’ला नसतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात १८० दिवस गोळ्या घेतलेल्या बायका २६ टक्केच निघाल्या आणि गरोदर बायकांपैकी ५२ टक्क्यांना रक्तक्षय. मला आश्चर्य वाटलं नाही. मला आढं आठवलं.

तिला त्या दिवशी मी रागावले नाही. ओट्यावर बसून विचारलं. पहिल्या गोळीनंतर मळमळलं, शौचाला काळं झालं, ती घाबरली. त्यात जावेनं सांगितलं, लोहाच्या गोळीनं पोर काळं होतं. सासू म्हणाली, पोर मोठं होऊन सिझर होतं. शौच काळी होते हे खरं आहे, आणि त्यात भिण्यासारखं काही नाही. पण हे मी तिला गोळी देताना सांगायला हवं होतं. मी पट्ट्या मोजून दिल्या आणि पुढच्या घरी गेले. तेव्हापासून मी नियम केला. पहिली गोळी रात्री जेवल्यावर माझ्यासमोर घ्यायची, वर लिंबू पिळलेलं पाणी. चहा त्याच्या जवळपास नको. चहावर लोहाची गोळी घेणं म्हणजे पेरल्या वावरात कोंबड्या सोडणं. कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर नको, दोघींत दोन तासांचं अंतर हवं. आणि पट्टी उंचावर ठेवायची, कारण वरून साखरेचा लाल थर असतो आणि मोठं पोर चॉकलेट समजून मूठभर खाऊन टाकतं. लोहाचं विष लहान मुलाच्या जिवावर बेततं. आढ्यावर ठेवण्याचा तेवढा एक फायदा होता म्हणायचा.

शहरात गोष्ट उलटी आहे. माझी सून पुण्यात नोकरीला. दिवस गेले म्हणून आनंदानं गेले, तर तिच्या टेबलावर पाच डबे. डॉक्टरांच्या दोन गोळ्या, मैत्रिणीनं सुचवलेलं मल्टिव्हिटॅमिन, ऑनलाइन मागवलेली प्रोटीनची पावडर आणि केस दाट होण्याच्या फळांच्या चवीच्या गमीज. चश्मा लावून सगळ्यांची लेबलं वाचली. तिघांत ‘अ’ जीवनसत्त्व होतं. भाज्यांमधलं ‘अ’ सोसतं, पण रेटिनॉल म्हणून येणारं जास्त झालं तर पहिल्या महिन्यांत गर्भाला अपाय होतो. सूनबाई म्हणाली, “आई, व्हिटॅमिनच आहे ना, जास्त झालं तर काय होतंय?” मी डबे पिशवीत भरले आणि दुसऱ्या दिवशी दोघी तिच्या डॉक्टरांकडे गेलो. तीन डबे परत आलेच नाहीत.

आणि बाळंतपणानंतर? दोन जिवाची असते तोवर बाई घराची. डोहाळे पुरवा, ओटी भरा, झोपाळ्यावर बसवा. बाळ झालं की सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे. नियमाप्रमाणे नंतरच्या सहा महिन्यांतही रोज लाल गोळी आहे, पुन्हा १८०, आणि कॅल्शियमही सहा महिने. ‘आता कशाला? बाळ झालं की’ हे वाक्य मी किती घरांत ऐकलं त्याचा हिशेब नाही. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, अंगावरचं दूध चालू असतं, सव्वा महिना झाला की विहिरीवर. आपल्या आज्यांना हे कळत होतं. हळीव नारळाच्या पाण्यात भिजवून लाडू करायच्या, आणि ते बाळंतपणानंतर, आधी नाही. डिंक, मेथी, बाळंतशेपा, सगळं त्याच महिन्यांसाठी. मी कधीच लाडू बंद करा म्हटलं नाही. लाडवाबरोबरचा चहा बंद करा म्हटलं.

एक माळकरी घर होतं. मांस-मच्छी नाहीच, अंडं नाही, दूध सगळं डेअरीला. तिथलं नऊ महिन्यांचं पोर बसायला लागलं होतं ते बसेनासं झालं, हसणं बंद, हात थरथरायचे, केस विरळ. आजी म्हणाली नजर लागली. साताऱ्याला मुलांच्या डॉक्टरांनी आईचं आणि बाळाचं रक्त तपासलं. दोघांना बी-१२ जीवनसत्त्व नव्हतं. आईत नाही ते दुधात कुठून येणार? इंजेक्शनं सुरू झाली आणि तीन आठवड्यांनी त्या पोरानं माझ्या स्टेथोस्कोपला हात घालून ओढलं. हे एकट्या त्या घराचं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या आयांचा अभ्यास केला, त्यात दोन-तृतीयांश आयांना बी-१२ कमी होतं. फॉलिक भरपूर आणि बी-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा जास्त आढळल्या. आपल्या लाल गोळीत बी-१२ नाही. ज्यांच्या घरी अंडं-मच्छी शिजत नाही त्यांनी डॉक्टरांना हे स्वतःहून सांगावं, डॉक्टर विचारतीलच असं नाही. आणि डेअरीला जाणाऱ्या दुधातलं एक भांडं घरात ठेवावं.

तर माझं म्हणणं. आशाताईच्या वहीत नव्या जोडप्याचं नाव लग्नानंतर लगेच चढतं. ते कशासाठी, तर पाळणा लांबवायचा सल्ला द्यायला. त्याच भेटीत फॉलिकचं पाकीट का देता येऊ नये? दिवस जाण्याआधी ४०० मायक्रोग्रॅम रोज, हे ‘ॲनिमिया मुक्त भारत’च्या २०१८ च्या सूचनांत लिहिलेलं आहे, मी नवीन काही मागत नाही. ग्रामपंचायतीत विवाहनोंदणीला जोडपं येतं, तिथंही देता येईल. आणि नंतरच्या गोळ्या लसीकरणाच्या दिवशी द्या. आई स्वतःसाठी उपकेंद्रात येत नाही, पण बाळाच्या सुईसाठी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी येतेच येते. बाळ पलीकडे रडत असताना रक्त कमी आहे का ते कळायला अर्ध्या मिनिटात तिच्या पापणीची आतली बाजू बघून होते. मी शेवटची सात-आठ वर्षं असंच केलं, कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही.

निवृत्तीनंतर लग्नाला गेले की मी पाकिटात १०१ रुपये आणि तीस गोळ्या घालते. आमच्या बाजारपेठेत मेडिकलवाल्याकडे ५ मिलिग्रॅमचीच गोळी असते, म्हणून ४०० मायक्रोग्रॅमची मुलगा पुण्याहून आणतो. सोबत चिठ्ठी, कधी घ्यायची, किती घ्यायची, फिट्सचं औषध चालू असेल किंवा घरात आधी व्यंगाचं मूल झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. मागच्या वैशाखात एका वरमाईनं फोन केला, “शिष्टर, पोरीत काही दोष आहे का हो, तुम्ही औषध दिलंत?” अर्धा तास बोलले. शेवटी तिनं विचारलं, धाकट्या लेकीचं दिवाळीनंतर आहे, तिलाही मिळतील का.

संपादक महाशय, आपण दरवर्षी लग्नसराईची पुरवणी काढता. दागिने, शालू, मेकअप, हनिमूनची ठिकाणं. यंदा त्यात एक चौकट या गोळीसाठी ठेवा. मजकूर मी लिहून देते, मानधन नको. फक्त शालूच्या जाहिरातीच्या खाली छापू नका, वरती छापा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. पाटण, जि. सातारा
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे.)