किनाऱ्यावरच्या सगळ्या परवानग्या एका नकाशावर आणा

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

किनारपट्टीच्या धोरणांत समन्वय हवा, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या रिओ पर्यावरण परिषदेत ‘अजेंडा २१’ या कृती आराखड्याच्या सतराव्या प्रकरणाद्वारे जगभरच्या सरकारांनी मान्य केले. तरीही किनाऱ्याच्या परवानग्या आजही खातेनिहाय सुटतात, म्हणून हे पत्र.

एखादी पुळण घ्या. लाटा किनाऱ्यावर बहुधा तिरप्या येतात आणि वाळू त्यांच्यासोबत कडेकडेने सरकत राहते. बंदर खात्याने समुद्रात लाटरोधक बांध घातला की त्याच्या एका अंगाला वाळू साचते, दुसऱ्या अंगाची आवक तुटते आणि लाटा तिथली पुळण खाऊ लागतात. मग धूप थांबवण्यासाठी दुसरे खाते दगडी भिंत उभारते. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, भरतीला होडी वर ओढून ठेवायला जागा उरत नाही आणि मत्स्यव्यवसाय खात्याला नव्या जेट्टीचा प्रस्ताव पाठवावा लागतो. प्रत्येक खात्याचे काम आपापल्या फायलीत चोख असते. दरम्यान पर्यटन खात्याने त्याच पुळणीचे सुशोभीकरण मंजूर केलेले असते, ते निराळेच.

किनाऱ्यापासून दूर घेतलेले निर्णयही इथे येऊन पोहोचतात. १९७० मध्ये इजिप्तमधील आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाल्यावर नाईलचा गाळ धरणामागे अडला आणि शेकडो किलोमीटर खाली, नदीच्या मुखाशी असलेल्या त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याची धूप वाढली. म्हणूनच धरण, वाळूउपसा आणि किनारा यांचा विचार वेगवेगळ्या टेबलांवर होणे परवडणारे नाही.

आमची पहिली मागणी अशी की, आराखड्याचे एकक जिल्ह्याची हद्द नसावे, तर वाळूच्या प्रवासाची हद्द असावी. इंग्लंड आणि वेल्सच्या किनाऱ्याचे अशा हालचालीनुसार ११ मुख्य विभाग पाडलेले आहेत, आणि त्यांच्या आधारे तेथील किनारा आराखडे शंभर वर्षांपुढचा विचार करतात. दुसरी मागणी अधिक अवघड आहे: हा आराखडा सरकारी खात्यांवरही बंधनकारक असावा. अमेरिकेच्या १९७२ च्या किनारा व्यवस्थापन कायद्यानुसार केंद्रीय संस्थांची किनाऱ्यावर परिणाम करणारी कामेसुद्धा राज्याच्या मंजूर कार्यक्रमाशी शक्य तितकी सुसंगत असावी लागतात. समन्वय समित्यांना आमचा विरोध नाही. पण जिला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नाही, ती समिती पुढच्या बैठकीची तारीख तेवढी ठरवते.

तोवर एक गोष्ट आपल्या अधिकारात आहे. बांध, भिंत किंवा भरावाची पुढची फाईल सहीला येईल तेव्हा, तिच्यासोबत त्याच पट्ट्यातील इतर सर्व खात्यांची मंजूर आणि प्रस्तावित कामे एकाच नकाशावर दाखवलेली असावीत, आणि तो नकाशा सहीआधी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसमोर त्यांच्या भाषेत मांडलेला असावा. नकाशा नसेल तर फाईल परत पाठवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नागरिक