ग्रीन इमारतीतलं कपाट आणि फॉर्मॅलिनचा वास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मार्चमध्ये मुलाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. सांगलीच्या विश्रामबागेतली इमारत, लिफ्टशेजारी 'ग्रीन बिल्डिंग - गोल्ड' अशी झकपक पाटी. पाहुणे पांगल्यावर साड्या ठेवायला म्हणून बेडरूममधलं कपाट उघडलं आणि डोळ्यांना धाराच लागल्या. वास ओळखीचा होता. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. बरणीतला बेडूक बाहेर काढताना नाकात जातो तोच वास, फॉर्मॅलिनचा. मिस्त्री म्हणाला, "काकू, नव्या कामाला वास असतोच. पंधरा दिवसांत जाईल." जून उजाडला, पाऊस लागला आणि वास उलट वाढला.

तो वाढणारच होता. एमआर ग्रेडचा (घरातल्या साध्या कामाचा) प्लाय आणि एमडीएफ, पार्टिकल बोर्ड (लाकडाचे तंतू किंवा भुसा दाबून केलेल्या फळ्या) हे बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवलेले असतात. डिंक स्वस्त आणि लवकर धरणारा; पण ओल आणि उष्णता मिळाली की तो थोडाथोडा सुटत राहतो आणि फॉर्मल्डिहाइड वायू खोलीत येतो. तोच पाण्यात विरघळवला की फॉर्मॅलिन. ज्याला दुकानात नुसतं '७१०' म्हणतात त्या मरीन प्लायमध्ये फिनॉलचा डिंक असतो, तो असा सहजी सुटत नाही. मी टॉर्च लावून आत पाहिलं. दर्शनी बाजूला गुळगुळीत सनमायका. पण पाठ, खणांच्या मागच्या कडा, बिजागऱ्यांची भोकं सगळं उघडं. जिथे कुणाची नजर जात नाही तिथेच मिस्त्रीने एजबँडचे (कडा झाकणाऱ्या पट्टीचे) पैसे वाचवले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. एका कपाटाने कर्करोग होतो असं मला म्हणायचं नाही. पण घरातल्या हवेत फॉर्मल्डिहाइड दर घनमीटरला अर्ध्या तासाच्या सरासरीने ०.१ मिलिग्रॅमच्या वर असू नये, असंही तीच संघटना सांगते आणि सांगलीतल्या एकाही घरात ते कुणी मोजलेलं माझ्या ऐकिवात नाही. नातीला त्या खोलीत झोपवत नाही, एवढंच आमच्या हातात आहे.

मग त्या पाटीचं काय? थोडं वाचलं तेव्हा उलगडा झाला. ग्रीन इमारतींच्या 'लीड' या मानांकनात एकूण ११० गुण. ६० मिळाले की गोल्ड. त्यात आतल्या सामानातून कमी रसायनं बाहेर पडण्याला फार तर तीन गुण, तेही ऐच्छिक. पाणी, वीज, सौर पॅनेल यांवर गुण जमवून एखादी इमारत हा विषय न शिवताही गोल्ड होऊ शकते. पूर्वी रंगाच्या डब्यात लिटरमागे किती ग्रॅम द्रावक आहे हेच मुख्यतः बघत. २०१३ च्या आवृत्तीपासून नमुना बंद पेटीत ठेवून त्यातून हवेत काय उतरतं ते मोजण्यावर भर आला. ही सुधारणा मोठी आहे, कारण आपण डबा हुंगत नाही, खोलीतली हवा घेतो. पण मानांकन बिल्डरने बसवून दिलेल्या गोष्टींचं असतं. ताबा मिळाल्यावर आपण केलेलं कपाट, ओट्याखालची ट्रॉली, देवघर त्या हिशेबात येतच नाही.

२०१९ च्या पुरात आमच्या जाऊबाईंच्या गावभागातल्या घरातलं सगळं फर्निचर फुगून उघडलं. त्यांनी पुन्हा केलं ते अर्थातच स्वस्तातल्या एमडीएफमध्ये, पैसेच तेवढे उरले होते. त्या घराची भिंत अजूनही पावसाळ्यात ओल धरते. ग्रीन इमारतीत राहणाऱ्या आम्हाला निदान पाटी तरी आहे.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मानांकनाच्या पातळीप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जादा बांधकामाची परवानगी मिळते. ही सवलत बिल्डरला मिळते, पण जादा बांधकामाचा भार गाव सोसतं, ती फुकट नाही. तेव्हा ती देताना महापालिकेने एवढं तरी करावं: ऐच्छिक गुणांपैकी कोणते मिळाले आणि कोणते सोडले, याची यादी भोगवटा प्रमाणपत्रासोबत फ्लॅटधारकाच्या हातात द्यावी. पाटीखाली लावली तरी चालेल. आणि प्लाय विक्रेत्यांच्या संघटनेने बिलावर ग्रेड आणि फॉर्मल्डिहाइडचा वर्ग (मालातून तो वायू किती सुटतो ते सांगणारा) छापायला लावावा.

परवा कपाटाची पाठ बदलायला प्लाय घ्यायला गेले. ई-वन वर्गाचा, म्हणजे कमी फॉर्मल्डिहाइड सोडणारा आहे का, विचारलं. दुकानदाराने दोन शीट उलटून पाहिल्या, मग मालाच्या चलनावर पाहिलं, मग पोऱ्याला गोदामात पाठवलं. पोऱ्या परत आला तो चहा घेऊन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली