गच्चीची पन्हाळ आणि बाबांची सही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "ड्रेनेजच्या नव्या कराविरुद्ध अर्ज फिरतोय. गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या, माझीच राहिलीय. तू त्याच खात्यात आहेस, सांग काय करू." मी "उद्या सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून हे पत्र.

आई, आधी तुझ्याशी बोलते. मागच्या पावसाळ्यात मध्यरात्री न्हाणीघराच्या जाळीतून काळं पाणी उसळून वर आलं. तू एकटीनं गोणपाट टाकून, बादल्या भरभरून ते बाहेर काढलंस, आणि मला सांगितलंस तिसऱ्या दिवशी, तेही कंबर का धरली म्हणून मी खोदून विचारलं तेव्हा. तेव्हापासून आभाळ भरून आलं की मला इथे ऑफिसात बसून तुमचं न्हाणीघर दिसतं. त्यामुळे मी आज जे लिहिते आहे ते खात्याची बाजू म्हणून लिहीत नाहीये.

त्या रात्री लाइन चोकअप झाली होती असं सगळ्यांनी धरलं. तसं असतं तर पाऊस थांबल्यावरही पाणी तुंबून राहिलं असतं. तुम्हीच सांगितलंत की पाऊस ओसरला आणि तासाभरात जाळी मोकळी झाली. म्हणजे ड्रेनेजचा नळ तुंबलेला नव्हता, भरलेला होता. आणि तो मैल्यानं नाही, पावसानं भरला होता.

बाबा, माझ्या दहावीच्या वर्षी गच्चीचं पाणी भिंतीवर उतरून ओल धरायची, आठवतं? प्लंबरनं पन्हाळीचा पाइप सरळ मागच्या चेंबरला जोडून दिला. मीच बॅटरी धरून उभी होते. आपल्याला वाटलं, झकास काम झालं. आता हिशेब करू, तुमच्याच पद्धतीनं. शंभर चौरस मीटरची गच्ची धरा. तासात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर तिच्यावरून 5,000 लिटर पाणी खाली येतं. तुम्ही दोघं दिवसभरात 300 लिटरसुद्धा वापरत नसाल. म्हणजे सोळा-सतरा दिवसांचं सांडपाणी आपण एका तासात त्या नळात ओततो. गल्लीत अशा पन्हाळी किती आहेत ते तुम्ही बाहेर फेरी मारून मोजू शकता. ते सगळं पाणी उतारानं खालच्या अंगाला येतं, आणि खालच्या अंगाला आपलं घर आहे.

मी ज्या शहरात नोकरी करते तेही लहानच. इथला ड्रेनेजचा पहिला आराखडा आला तेव्हा त्यात नवं, मोठं शुद्धीकरण केंद्र होतं. जुनं पावसाळ्यात अपुरं पडतं म्हणून. कागदावर ते बरोबरच दिसत होतं. पण आमच्या साहेबांनी आधी रात्रीचं मोजमाप घ्यायला लावलं. पहाटे तीनच्या सुमारास माणसं झोपलेली असतात, नळ बंद असतात, तेव्हा ड्रेनेजच्या नळात जवळजवळ काही वाहायला नको. मी मॅनहोलच्या कडेला गुडघ्यांवर बसून आत बॅटरी मारली. खाली पाणी खळखळत होतं, आणि इतकं नितळ की नळाचा तळ दिसत होता. सांध्याच्या फटीतून एक धार सतत आत येत होती, झरा फुटावा तशी. जमिनीतलं पाणी. ते आम्ही रोज पंपानं उचलत होतो, केंद्रात नेऊन शुद्ध करत होतो आणि त्याचं वीजबिल भरत होतो. त्या पहाटेनंतर माझं मत कायमचं ठरलं: आधी आत येणारं पाणी शोधा, मग केंद्राचा आकार ठरवा.

शोधायच्या रीती साध्या आहेत. चाकांवरचा कॅमेरा नळातून फिरवतात, त्यात तडे, सरकलेले सांधे, आत घुसलेली झाडांची मुळं दिसतात. दुसरी रीत धुराची. मॅनहोलमधून पंख्यानं निरुपद्रवी पांढरा धूर आत सोडतात आणि रस्त्यात उभं राहून बघतात. ज्या घराची पन्हाळ ड्रेनेजला जोडलेली असते तिच्या तोंडातून धूर निघायला लागतो. आमच्याकडे एका आजोबांनी तो बघितला आणि तिथेच उभ्या उभ्या म्हणाले, "हे माझंच आहे, उद्या काढतो." त्यांनी खरंच काढलं.

फुटका नळ प्रत्येक वेळी खणून बदलावा लागत नाही. राळेत भिजवलेली कापडी नळी जुन्या नळात उलगडत नेतात, गरम पाण्यानं किंवा वाफेनं ती कडक करतात, आणि जुन्याच्या आत नवा नळ तयार होतो. लंडनमध्ये 1971 पासून ही पद्धत वापरात आली. रस्ता उखडत नाही, म्हणून खर्चही बऱ्याचदा कमी येतो. तुमच्याकडे हा कर ज्या आराखड्यासाठी लावताहेत त्यात असं काही आहे का, ते जरूर विचारा.

आता, नळ जमिनीखाली इतके खराब का होतात? मैलापाणी पंपानं नाही, मुख्यतः ढाळानं वाहतं. 150 मिलिमीटरच्या नळाला शंभर मीटरमागे साधारण 60 सेंटिमीटर उतार लागतो. दिवसातून एकदा तरी पाणी सेकंदाला 60 सेंटिमीटरच्या वेगानं धावलं पाहिजे, नाहीतर गाळ तळाशी बसतो. ढाळ चुकला, माती खचली, की पाणी रेंगाळतं, कुजतं आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तो वर जातो, नळाच्या ओलसर माथ्यावर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि काँक्रीट वरून खाल्लं जातं. तळ शाबूत, माथा पोखरलेला. रस्त्यावरून जाणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि एक दिवस रस्त्यात खड्डा पडतो. म्हणून "एवढी वर्षं चाललं, अजून दहा वर्षं चालेल" असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

हाच वायू माणसं मारतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. आत उतरलेल्याला वाटतं वायू गेला. बाबा, आराखड्यात जेटिंगच्या, म्हणजे जोराच्या पाण्यानं नळ साफ करणाऱ्या, आणि गाळ ओढायच्या यंत्रांचा खर्च वेगळा दाखवलेला नसेल, तर त्याचा अर्थ कुणाला तरी आत उतरवायचं असं गृहीत धरलंय. बाकी कशावर नाही बोललात तरी चालेल, याच्यावर बोला.

शुद्धीकरण केंद्राचं थोडक्यात सांगते. तिथे खरं काम यंत्रं करत नाहीत, जिवाणू करतात. हवा सोडून त्यांना जगवायचं, ते मैला खातात, गाळ होऊन खाली बसतात, आणि त्यातला काही गाळ परत हवेच्या टाकीत आणायचा. 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी ही रीत मांडली, आणि जगभर अजून तीच चालते. जोराच्या पावसात पन्हाळींचं पाणी आलं की हे जिवाणूच वाहून जातात. पुन्हा वाढायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस नदीत काय जात असेल ते तुम्हीच समजा.

राहिला पैसा. बाबा, तुमचा खरा राग करावर आहे, हे मला माहीत आहे. पेन्शन ठरलेली, औषधं वाढलेली, आणि त्यात नवी पट्टी. पण लहान शहराची अडचण अशी की पंपाला रात्रंदिवस माणूस आणि वीज लागतेच, घरं हजारभर असोत की लाखभर. मोठ्या शहरात तो खर्च खूप दारांत वाटला जातो, लहान शहरात थोड्या. वरून अनुदान मिळतं ते बहुतेक बांधायला. चालवायला फारसं मिळत नाही. अनुदानातून उभं राहिलेलं आणि वीजबिलाअभावी बंद पडलेलं केंद्र मी डोळ्यांनी पाहिलंय. टाक्यांमध्ये गवत उगवलं होतं.

मग कर्ज का काढतात, असं तुम्ही विचाराल. नळ नीट घातला तर पन्नास वर्षं आणि त्याहून जास्त टिकतो, पंप पंधरा-वीस वर्षांत बदलावा लागतो. पन्नास वर्षांच्या नळाचे सगळे पैसे आज राहणाऱ्यांनी का भरायचे? कर्जात पुढे राहायला येणारेही वाटा उचलतात. लंडननं हेच केलं होतं. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली की संसदेच्या पडद्यांना ब्लीचिंग पावडरचं पाणी मारावं लागलं. इतकी वर्षं रेंगाळलेला कायदा ऑगस्टपर्यंत मंजूर झाला. तीस लाख पौंडांचं कर्ज आणि ते फेडायला घराघरावर 40 वर्षांची पट्टी. त्यातून अभियंते जोसेफ बॅझलजेट यांनी शहरभर मुख्य नळांचं जाळं घातलं. 1866 मध्ये कॉलरा पुन्हा आला तो पूर्व भागात, जिथे नवं जाळं अजून चालू झालं नव्हतं. त्या पट्टीवरही लोक कुरकुरले असतीलच. त्यांनी पैसे भरलेले ते नळ अजून कामात आहेत.

म्हणून माझं म्हणणं: त्या अर्जावर सही करू नका. अर्जात "कर रद्द करा" एवढंच आहे. पण गप्पही बसू नका. सुनावणीला जा आणि तुमच्या अक्षरात वेगळं पत्र द्या. कर प्रत्येक घराला सारखाच लावणार असतील तर त्याला माझाही विरोध आहे. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घराला आणि बारा खोल्यांच्या लॉजला एकच रक्कम, हा अन्याय आहे. पाण्याच्या वापरावर लावा म्हणून सांगा. या करातून आलेला पैसा वेगळ्या खात्यात राहील का, त्याचा ताळेबंद दरवर्षी लोकांसमोर ठेवतील का, आणि त्यातला काही भाग पंप बदलण्यासाठी बाजूला टाकतील का, ते लिहून मागा. शहराबाहेर नवे प्लॉट पडताहेत, तिथल्या जोडणीचा खर्च बिल्डरकडून घेणार की आपल्या गल्लीकडून? तीस वर्षांनंतर किती वस्ती धरलीय आणि ती कशावरून? आणि सगळ्यात आधी, रात्रीचं मोजमाप केलंय का? केलं नसेल तर मोठ्या केंद्राची निविदा काढायची घाई कशासाठी?

आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांचे हिशेब तपासले, बाबा. सभेत आवाज चढवणारे पुष्कळ मिळतील, पण अंदाजपत्रकाचं पान उघडून "ही रक्कम कशाची?" असं शांतपणे विचारणारं माणूस मिळत नाही. मी टेबलाच्या या बाजूला बसते म्हणून सांगते, त्या एका प्रश्नाला आम्हाला खरं उत्तर द्यावं लागतं.

पण पत्र देण्याआधी आपली पन्हाळ काढू. आपलं पावसाचं पाणी नळात सोडून दुसऱ्यांना हिशेब विचारणं मला जमायचं नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी मी येते. पन्हाळीचा पाइप चेंबरपासून तोडायचा, चेंबरचं ते भोक नीट बंद करायचं, आणि पाणी मागच्या मोकळ्या जागेत शोषखड्ड्यात सोडायचं. भिंतीपासून लांब, म्हणजे पुन्हा ओल धरणार नाही. न्हाणीघराच्या लाइनवर उलटं पाणी अडवणारी झडपही बसवून घेऊ. आई, तेवढ्यात पाऊस लागलाच तर जाळीवर वजन ठेव, शेजारच्या मुलाला हाक मार आणि मला लगेच फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी. बादल्या उचलायच्या नाहीत.

चेंबरचं झाकण मी येईपर्यंत कुणीही उघडू नका. बाबा, गुडघ्यामुळे तर नाहीच, आणि वर लिहिलंय त्या वायूमुळेही नाही. तुमच्यासाठी काम एवढंच: पन्हाळीच्या खालच्या तोंडापासून मागच्या कुंपणापर्यंतचं अंतर टेपनं मोजून कळवा, म्हणजे तेवढा पाइप मी येताना घेऊन येईन.

तुमची,
लेक