डॉ. विक्रम पटेल यांस, एका खेड्यातल्या डॉक्टरकडून

आदरणीय डॉ. विक्रम पटेल यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. गोव्याच्या हद्दीला लागून, सिंधुदुर्गातल्या एका गावात मी दवाखाना चालवते. मानसिक आरोग्यावरचे तुमचे शोधनिबंध शेकड्यांनी आहेत आणि ते सगळे वाचणं माझ्या आवाक्यातलं नाही. पण गोव्यात केलेल्या तुमच्या कामावरचे निबंध मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. त्यांच्याबद्दल मनापासून आभार मानायचे होते.

‘अंगावरून पांढरं जातं, कंबर भरून येते, हातापायांत त्राण नाही’ ही आमच्याकडची रोजची तक्रार. जंतुसंसर्ग धरून गोळ्या द्यायच्या, ही तिच्यावरची रूढ पद्धत. 2005 साली तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या सुमारे अडीच हजार बायकांची माहिती मांडलीत. त्यांना विचारून, तपासण्या करून निघालेला निष्कर्ष असा, की या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, नैराश्याशी आणि चिंतेशी जास्त घट्ट आहे. बाईच्या बोलण्यावर विश्वास ठेवून केलेलं हे संशोधन आहे. त्याच्या बळावर मी गोळ्या लिहिण्याआधी ‘झोप लागता मां? घरात सगळा बरा मां?’ असं न संकोचता विचारते. उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं.

त्याआधी, 2002 मध्ये, गोव्यातल्या बाळंतिणींच्या नैराश्यावरचा तुमचा निबंध आला होता. दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं ही कारणं त्यात स्पष्ट नोंदवलेली आहेत. ही गोष्ट आमच्या आज्यांना माहीत होतीच. पण वैद्यकीय नियतकालिकात ती आकड्यांसह छापून आली, की ‘बाळंतिणीचे नखरे’ म्हणणाऱ्या सासूपुढे आणि डॉक्टरपुढेही ती ठेवता येते.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मात्र 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांवरच्या ‘मानस’ या अभ्यासाचा निबंध. गोव्यातली 24 प्राथमिक उपचार केंद्रं, निम्मी सरकारी आणि निम्मी खासगी. डॉक्टरांच्या जोडीला मानसोपचाराची पदवी नसलेले, पण रीतसर शिकवून तयार केलेले समुपदेशक. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी 65.9 टक्के रुग्ण सावरले. जिथे ही सोय नव्हती तिथे 42.5 टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही, तिथे एरवीच्या उपचारांवरच 65.9 टक्के सावरले होते. हा आकडा गैरसोयीचा असूनही तुम्ही सारांशातच दिलात. मी स्वतः खासगी डॉक्टर, म्हणून तो माझ्यासाठी फार मोलाचा. ओळखीचा डॉक्टर आणि बोलायला मिळणारा थोडा वेळ यांचा त्यात वाटा असावा, असं मला अनुभवावरून वाटतं. संशोधनाने ते सिद्ध केलेलं नाही, हेही मला ठाऊक आहे.

पुढे 2017 मध्ये 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या 495 जणांवरचा अभ्यास आला. तीव्र नैराश्य असलेल्या माणसाला सहा ते आठ भेटींत हळूहळू रोजच्या कामांकडे, माणसांकडे परत न्यायचं. तीन महिन्यांनी 64 टक्के बरे, एरवीच्या उपचारांवर 39 टक्के. त्या पद्धतीची पुस्तिका ‘संगाथ’ने, म्हणजे तुमच्या गोव्यातल्या संस्थेने, कुणालाही वाचता येईल अशी खुली ठेवली, हे उपकार वेगळेच. मी ती छापून घेतली आणि माझ्या दवाखान्यातल्या मदतनीस ताईंबरोबर बसून वाचली. कोपऱ्यातल्या एका बाकावर आता त्या रुग्णांशी निवांत बोलतात. ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात त्यांना आम्ही थांबवून न ठेवता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो, बरेचदा थेट गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. कुणाला कधी पाठवायचं, याची समज त्या वाचनातून पक्की झाली.

तुमच्याबरोबर ज्यांची नावं छापली गेली त्या सहकाऱ्यांना, आणि ज्यांची नावं कुठेच आली नाहीत पण ज्यांनी रुग्णांशी तासन् तास बोलून हे आकडे शक्य केले त्या गोव्यातल्या समुपदेशकांना माझा नमस्कार कळवावा. त्यांच्यापैकी कुणी कधी आमच्या बाजूला आलं, तर आमच्या ताईंना त्यांच्याकडून बरंच शिकायचं आहे.

आपली कृतज्ञ,
सिंधुदुर्गातली एक डॉक्टर