सिमेंट किती टन, हे कुणी विचारत कसं नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात सध्या रोज रीडेव्हलपमेंटच्या बातम्या असतात, कुठल्या सोसायटीला किती टक्के जास्त जागा मिळाली, कॉर्पस किती, भाडं किती. आमचीपण बिल्डिंग त्याच रांगेत आहे, सहकारनगर भागातली, १९८६ ची, चार मजले, १६ फ्लॅट. आधीच सांगून टाकतो, मी स्वतः 'हो' वर सही केलीय, लिफ्ट नाही आणि बायकोचे गुडघे गेलेत, त्यामुळं हे पत्र कुणा पर्यावरणवाल्याचं समजू नका. मी ३१ वर्षं साइटवर सुपरवायझर होतो, आयुष्यभर खडी आणि सिमेंटच मोजलं, म्हणून हे डोक्यातून जात नाहीये.

झालं असं की मीटिंगमध्ये बिल्डरच्या माणसानं प्रेझेंटेशन दिलं, पहिल्याच स्लाइडवर हिरवं पान, 'ग्रीन बिल्डिंग'. सोलर, रेनवॉटर हार्वेस्टिंग, ईव्ही चार्जिंग, सगळं चांगलंच आहे, माझी काही तक्रार नाही. मी फक्त एवढंच विचारलं की सिमेंट किती टन लागणार आणि स्टील किती? तो म्हणाला, काका ते आमचं टेन्शन, तुम्ही टाइल्स निवडा. सगळे हसले, मीपण हसलो.

पण घरी येऊन कागद घेतला. साइटवरचा जुना ठोकताळा आहे, स्क्वेअर फुटाला ०.४ बॅग सिमेंट आणि ४ किलो स्टील. म्हणजे ६०० स्क्वेअर फुटाच्या एका घराला २४० बॅगा, म्हणजे १२ टन सिमेंट, वर २४०० किलो स्टील. आपल्याकडं सरासरी एक टन सिमेंटमागं साधारण ६०० किलो कार्बन डायऑक्साइड धरतात आणि एक टन स्टीलमागं अडीच टन. करा बेरीज, ७.२ अधिक ६, म्हणजे एका घराला १३ टनांच्या वर. आता आमच्या घरचं लाइटबिल बघा, महिन्याला १५० युनिट, युनिटला साधारण ७०० ग्रॅम धरले तर वर्षाला सव्वा टन. म्हणजे नव्या घरात पहिला दिवा लागायच्या आधीच साडेदहा वर्षांच्या विजेइतका कार्बन हवेत जाऊन बसलेला असणार! आणि यात काच, अॅल्युमिनियम, टाइल्स, डम्परचं डिझेल काहीच धरलं नाहीये, आणि गाड्यांसाठीचे दोन पार्किंग मजले पण नाहीत, ज्यात काँक्रीट नुसतं ओतायचं असतं, राहत तिथं कुणीच नाही.

लोकांना वाटतं सिमेंटच्या भट्ट्या सोलरवर चालवल्या की झालं. तसं नाहीये, सिमेंट ज्या चुनखडीपासून करतात तिच्यातच गोम आहे. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, भट्टीखाली कोळसा असो नाहीतर दुसरं काही.

बरं, ग्रीन बिल्डिंगची सर्टिफिकेटं आहेत की, ग्रिहा आहे, आयजीबीसी आहे, चांगलं काम करतात. पण राज्याच्या २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे बांधकाम नियमावलीत, ग्रीन रेटिंग मिळवलं की बक्षीस काय, तर ३ ते ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे तेवढं जास्त बांधकाम करायची परवानगी. म्हणजे पर्यावरण वाचवलंत, शाब्बास, आता अजून थोडं बांधा. मला तर वाचून हसावं का रडावं कळेना.

डेन्मार्कमध्ये २०२३ पासून १००० चौरस मीटरच्या वरच्या नव्या इमारतीला कार्बनची मर्यादाच घालून दिलीय, ५० वर्षांचं आयुष्य धरून वर्षाला चौरस मीटरमागं १२ किलो, त्यात मालाचा कार्बन आणि पुढं वापरातल्या विजेचा, हीटिंगचा असा दोन्ही धरतात, आणि २०२५ मध्ये ती मर्यादा अजून खाली आणली. आपण लगेच मर्यादा घाला असं मी म्हणत नाही, आधी नुसतं मोजा तरी. यातलं ५० वर्षं हे पण नीट बघा, आमची बिल्डिंग चाळिशीच्या आसपासच पाडायला निघालेत, आणि स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये 'पाडा' असं कुठंच लिहिलेलं नाही, पार्किंगमधल्या कॉलमना जॅकेटिंग (बाहेरून नवं काँक्रीट चढवून मजबुती) आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग एवढंच सांगितलंय. एक बाहेरची लिफ्ट लावून, रिपेअर करून किती कार्बन आणि पाडून बांधून किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी कुणी आम्हाला दाखवलेच नाहीत. दाखवले असते तर मी सही केली नसती का? खरं सांगायचं तर माहीत नाही, पण विचार तरी केला असता.

कमी करायचे उपाय काही परग्रहावरचे नाहीत. फ्लाय अॅश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (पोलाद कारखान्यातली मळी) घातलेलं सिमेंट बाजारात कधीचं आहे, पण त्याला स्ट्रेंथ हळू येते, साध्या सिमेंटला ७ दिवस पाणी मारायचं तर याला किमान १०, आणि कॉन्ट्रॅक्टरला सेंट्रिंग (स्लॅबखालचे टेकू-फळ्या) काढून वरच्या स्लॅबला लावायची घाई, तिथं सगळं अडतं. भाजलेली माती आणि चुनखडी घालून करतात त्या एलसी-३ सिमेंटला २०२३ मध्ये भारतीय मानक मिळालं, त्यात कार्बन ४० टक्क्यांपर्यंत कमी होतो म्हणतात, आमच्या बिल्डरनं नावच ऐकलेलं नाही. राडारोड्याचं तेच. जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम-२५ ताकदीपर्यंतच्या आरसीसीत (सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये) २० टक्के वापरायला २०१६ पासून परवानगी आहे, तरी रात्री डम्पर नदीकाठी रिकामे होतातच. २०२५ चे नवे राडारोडा नियम आलेत, त्यातली बिल्डरवरची मुख्य जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रोजेक्टांना, मग आमच्यासारख्या १६ फ्लॅटवाल्या शेकडो सोसायट्यांचं काय?

माझी मागणी छोटी आहे. सोसायट्यांच्या रीडेव्हलपमेंटसाठी सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली निघालेल्या २०१९ च्या जीआरप्रमाणं फिजिबिलिटी रिपोर्ट करावाच लागतो, त्यात एक पान वाढवा. सिमेंट किती टन, स्टील किती, राडारोडा किती आणि जाणार कुठं, रिपेअर केलं तर हेच आकडे किती. महापालिकेनं प्लॅन मंजूर करताना तेच पान मागावं. खर्च काही नाही हो, कारण हे सगळं आधीच मोजलेलं असतं, स्टीलच्या प्रत्येक गाडीची काटापावती असते, आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) प्रत्येक गाडीचं चलन असतं, पैसे द्यायचे असतात ना! फक्त बेरीज कुणी करत नाही.

आमच्या बिल्डरकडं त्याच्या मागच्या साइटच्या काटापावत्या मी मागितल्यात. पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला. मागच्या आठवड्यातही हेच म्हणाला होता.

आपला,
एक जुना वाचक, पुणे